पुण्यात नव्याने येताय? आधी घराचा करार, मग गाडीची किल्ली

जून लागला की पुण्यात सामानाचे टेम्पो दिसायला लागतात. कॉलेजचे प्रवेश, हिंजवडी-खराडीतल्या नव्या नोकऱ्या, स्पर्धा परीक्षांसाठी नवी पेठ गाठणारी मुलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: कुठल्या एरियात राहावं? एरिया चुकला तर पुढच्या वर्षी बदलता येतो. पहिल्या आठवड्यात घाईने केलेला किंवा केलाच नाही असा करार मात्र वर्षभर छळतो, आणि तो त्रास घरापुरता राहत नाही. गाडीच्या आरसीवरचा पत्ता बदलायला तोच कागद लागतो आणि अपघाताचा दावा इथल्या न्यायाधिकरणात लावायचा तर इथे राहत असल्याचा पुरावाही तोच. म्हणून आधी घराचं पाहू, मग रस्त्याचं. उदाहरणं पुण्याची आहेत. घराचे कायदे राज्यभर तेच आहेत आणि मोटार वाहन कायदा देशभर.

पायरी १: टोकन देण्याआधी घर कोणाचं ते बघा

जाहिरातीत फोटो सुंदर, भाडं आजूबाजूच्यापेक्षा कमी, आणि मालक म्हणतो, "मी लष्करात आहे, बदली झाली, किल्ली वॉचमनकडे आहे, तुम्ही फक्त टोकन पाठवा." इथेच थांबा. पुढचा डाव ठरलेला असतो: तो क्यूआर कोड पाठवतो आणि स्कॅन करून पिन टाकला की टोकन परत येईल असं सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी रोखता येण्याची शक्यता तेव्हाच असते.

घर प्रत्यक्ष बघितल्यावर मालकाकडे तीन गोष्टी मागा: ताजं लाइट बिल, मिळकतकराची पावती आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा). तिन्हींवर एकच नाव हवं आणि ते समोरच्या माणसाच्या ओळखपत्राशी जुळायला हवं. मागायला संकोच वाटतो, पण तो तुमचं आधार, पॅन, ऑफिसचं ओळखपत्र बिनदिक्कत मागतोच ना? पुण्यात आणखी एक गोष्ट नेहमीची आहे. फ्लॅटमालक अमेरिकेत असतो आणि व्यवहार त्याचे वडील किंवा मेहुणे बघतात. हरकत नाही, पण मग त्यांच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र बघा आणि भाड्याने देण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेला आहे का ते वाचा.

हेवी डिपॉझिट या प्रकारापासून मी लोकांना शक्यतो लांबच राहायला सांगतो. दहा-पंधरा लाख एकरकमी द्यायचे, भाडं नाममात्र, आणि जाताना सगळी रक्कम परत, असा तो सौदा. मालकाच्या डोक्यावर गृहकर्ज असेल आणि त्याचे हप्ते थकले तर बँक घराचा ताबा घ्यायला येते. तेव्हा तुमची रक्कम बँकेने नव्हे, मालकाने घेतलेली असते, आणि त्याच्याकडे पैसे असते तर हप्ते थकलेच नसते.

दलाली पुण्यात साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी मागतात. ती करार झाल्यावर द्या, घर दाखवल्याबद्दल नाही.

पायरी २: घर बघायला जाल तेव्हा

टाइल्स आणि बाल्कनीचा व्ह्यू सगळेच बघतात. तुम्ही बाथरूममध्ये शिरून गिझर बघा. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल आणि खिडकी कायमची बंद असेल तर तो जीवघेणा आहे. ज्वलनाला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि अंघोळ करणारा माणूस बेशुद्ध पडतो तो दार आतून लावलेलं असताना. गिझर बाहेरच्या ड्राय बाल्कनीत हलवून द्या, अशी अट राहायला येण्याआधीच घाला. नंतर "पुढच्या महिन्यात करू" हेच ऐकायला मिळतं.

मग विजेचं पॅनेल उघडा. मेन स्विचशेजारी गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी आहे का बघा. त्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की पुरवठा बंद झाला पाहिजे. नाही झाला तर तो ब्रेकर शोभेचा आहे. मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून महावितरणची थकबाकी तपासा. पाइपचा गॅस असेल तर त्याचंही मागचं बिल बघा.

इमारतीबद्दल सोसायटीला विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ खाली येणाऱ्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. सेक्रेटरीला फॉर्म बी म्हणजे काय हेच माहीत नसेल तर जिन्यातल्या लाल पाइपात पाणी नाही असं खुशाल समजा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचं विचारा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ते व्हायला हवं. पेठांतल्या वाड्यात स्वस्तात खोली मिळत असेल तर महापालिकेने पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून नोटीस लावलीय का, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. मालक सांगणार नाही, दुकानदार सांगेल.

आणि पाणी. हे पुण्यात दोन अर्थांनी विचारायचं. पहिला अर्थ, येतं कुठून? बाणेर, उंड्री, वाघोलीकडच्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये वाढतो, तो कोण भरणार ते आधी ठरवा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी भागात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं. पिण्याचं पाणी उकळून घेण्याइतकी काळजी इथे फाजील नाही. दुसरा अर्थ, पाणी शिरतं का? खडकवासल्यातून विसर्ग सोडल्यावर जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यांवर पाणी आलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर-सहकारनगर भागात हाहाकार केला. नदी किंवा ओढा जवळ असेल तर पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ शोधा. तुमची दुचाकी तिथेच उभी राहणार आहे.

पायरी ३: करार, आणि तो नोंदणीकृतच

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण इथेच लोक सर्वांत कमी वेळ देतात.

आपण बोलताना भाडेकरार म्हणतो, पण महाराष्ट्रात आज जवळपास सगळी घरं 'लिव्ह अँड लायसन्स' वर दिली जातात. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही कुळ नाही. ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी तुम्हाला मिळालेली असते. मुदत संपली की निघायचं. नाही निघालात तर मालक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. हे ऐकायला मालकधार्जिणं वाटतं आणि थोडं आहेही. पण घर कायमचं अडकेल ही भीती गेल्यामुळेच अनोळखी माणसाला घर द्यायला मालक तयार होतात.

आता तुमच्या बाजूचं कलम. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याने नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

"अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी करून टाकू" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. अकरा महिन्यांची प्रथा १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा त्यात सक्तीने नोंदवावा लागतो म्हणून लोक एक महिना अलीकडे थांबायला लागले. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ही पळवाट राहिलेली नाही. मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं, नोंदणी हवीच. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही.

खर्चाची भीतीही बरीचशी ऐकीव आहे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के लागतं. समजा भाडं २०,०००, मुदत ११ महिने, अनामत ६०,०००. भाड्याचे झाले २,२०,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते ११ महिन्यांचं ५,५००. बेरीज २,२५,५००, आणि तिचे पाव टक्के म्हणजे सुमारे ५६४ रुपये. त्यावर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी जातात ते एजंटचे. तो लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर पडताळणी होते, आणि मालक दुसऱ्या गावी असला तरी काम अडत नाही. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायची पद्धत आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हे स्वतःही करता येतं, पण पहिल्यांदा एजंट बरा.

एजंट मसुदा मोबाइलवर पाठवेल आणि "स्टँडर्ड आहे, सही करा" म्हणेल. तो वाचा. या गोष्टी त्यात लिहिलेल्या हव्यात:

– अनामत किती दिवसांत परत, आणि त्यातून काय कापता येईल. रंगाचे आणि सफाईचे पैसे सर्रास कापले जातात, ते मान्य असतील तर आकडा लिहा. रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे कापणार नाही, असंही लिहून घ्या.
– लॉक-इन किती महिन्यांचं आणि नोटीस किती दिवसांची. लॉक-इन दोघांना लागू हवं. तुम्ही सहा महिने सोडू शकत नसाल तर मालकानेही सहा महिने काढता कामा नये.
– मेंटेनन्स, टँकर, पार्किंग. पार्किंगची जागा क्रमांकासह, दुचाकीची असली तरी.
– पंखे, गिझर, गॅस शेगडी, कपाटं यांची यादी, चालू की बंद या शेऱ्यासह.
– मालकाने घरात येण्याआधी कळवायचं, आणि वीज-पाणी तोडायचं नाही.

शेवटचा मुद्दा अनावश्यक वाटेल. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने जीवनावश्यक सेवा तोडायला मालकाला मनाई केलेली आहे खरी, पण ते कलम कुळाबद्दल बोलतं. लिव्ह अँड लायसन्सवाल्याचा पाया त्याचा करार असतो, म्हणून ही ओळ करारातच असू द्या.

अनामतीवर महाराष्ट्रात वरची मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, त्यामुळे त्याचा दाखला देऊन मालकाशी हुज्जत घालू नका. घासाघीस करा, ती चालते.

अनामत आणि भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या. नोंदणी झाली की दस्त क्रमांक असलेली पूर्ण पीडीएफ मागून घ्या. अर्धवट स्कॅन नको.

पीजीत राहणाऱ्यांना बहुतेक वेळा करार मिळतच नाही, नियमांचा एक छापील कागद मिळतो. निदान अनामतीची सही-शिक्क्याची पावती आणि नोटीस कालावधी व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

पायरी ४: पोलीस, सोसायटी आणि "बॅचलर नको"

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ते ऑनलाइन होतं. मालक आळस करत असेल तर माहिती भरून त्याच्या हातात द्या आणि पोचपावतीची प्रत स्वतःकडे ठेवा.

सोसायटीच्या बाबतीत आदर्श उपविधी स्पष्ट आहेत. मालकाने घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, कराराची आणि पोलिसांना कळवल्याची प्रत द्यायची असते. पूर्वपरवानगी लागत नाही. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे जादा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि ते मालकाने भरायचं आहे. "शिफ्टिंग चार्ज", "बॅचलर डिपॉझिट" अशी नावं सांगून कोणी तुमच्याकडे रोख मागितली तर सोसायटीची छापील पावती मागा. निम्म्या मागण्या तिथेच विरतात.

राहिला प्रश्न अविवाहितांना, विशिष्ट जातीधर्माच्या लोकांना किंवा मांसाहार करणाऱ्यांना घर नाकारण्याचा. सोसायटीने तसा ठराव केला असेल तर मालक सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करू शकतो. पण एखाद्या मालकाने मनातल्या मनात ठरवून "घर गेलं" असं सांगितलं तर त्याविरुद्ध भाडेकरूच्या हातात आज फारसं काही नाही. हे लाजिरवाणं आहे, पण घर शोधणाऱ्याला खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही.

पायरी ५: वाद झालाच तर

मुदत चालू असताना मालकाने कुलूप बदललं, सामान बाहेर काढलं किंवा चार माणसं घेऊन दारात आला, तर ११२ ला फोन करा आणि नोंदणीकृत करार पोलिसांना दाखवा. मुदत संपलेली असली तरीही घर रिकामं करून घ्यायला त्याला आदेश आणावा लागतो, दंडेली करता येत नाही. पोलीस "हा दिवाणी मामला आहे" म्हणतील. त्यावर शांतपणे सांगा की भाड्याचा वाद दिवाणी आहे, घरात घुसणं आणि धमकावणं नाही.

विजेचं कनेक्शन हवं असताना मालक ना हरकत देत नसेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलेलं लक्षात ठेवा: वीज ही मूलभूत गरज आहे आणि केवळ मालकाची संमती नाही म्हणून ती नाकारता येत नाही.

सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर ते कपाटात ठेवू नका. बाजू मांडायची परवानगी प्रतिज्ञापत्रासह ३० दिवसांत मागावी लागते, नाहीतर मालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरतात. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा क्रमांक. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे कमाई असणाऱ्या मुलींनाही माहीत नसतं.

पायरी ६: गाडीचे कागद

गावाकडची दुचाकी रेल्वेने मागवलीत तर महाराष्ट्रातच नोंदलेल्या गाडीचं काम सोपं आहे. राहण्याचा पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत आरसीवर बदल करायचा, आणि नोंदणीकृत करार हा त्याला पत्त्याचा पुरावा. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल तर मूळ आरटीओची ना हरकत आणून एमएच क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो.

सेकंडहँड घेणार असाल तर व्यवहाराआधी दोन गोष्टी तपासा: आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, आणि ई-चलन थकली आहेत का. गाडीचा क्रमांक आणि चासी नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर चलनं दिसतात. मग ३० दिवसांत गाडी स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज करा. "मित्राचीच आहे, नावावर काय करायचं" या भाबडेपणात अपघातानंतर मित्र पहिल्यांदा अडकतो, मग तुम्ही.

भाड्याने दुचाकी घेताना नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतलीत आणि काही घडलं, तर विमा कंपनीला नकार द्यायला तेवढं कारण पुरतं.

विमा घेताना फक्त थर्ड पार्टी घेतला तर तो समोरच्याचं नुकसान भरतो. अशा पॉलिसीत तुमच्या मागे बसलेला सहकारी सहसा येत नाही. रोज कुणाला तरी हिंजवडीपर्यंत लिफ्ट देणार असाल तर पॅकेज पॉलिसीचा जादा हप्ता भरा. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचं १५ लाखांचं संरक्षण आहे ना, तेही बघा.

मूळ कागद खिशात बाळगायची गरज नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स आणि आरसी कायद्याने ग्राह्य आहे. गॅलरीतला स्क्रीनशॉट मात्र नाही.

पायरी ७: इथल्या रस्त्यांवर

हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणं हा पुण्याचा जुना छंद आहे; तुम्ही त्यात पडू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला सारखंच लागू आहे. आयएसआय खूण असलेलं घ्या आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट धडकेत डोक्याआधी निघून जातं.

दंडाचे काही आकडे माहीत असू द्या. विना लायसन्स ५,०००. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दारू पिऊन चालवणं पहिल्यांदा १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि लायसन्स नसलेल्या धाकट्या भावाला गाडी दिलीत तर दंड तुम्हालाही. तो अल्पवयीन असेल तर कलम १९९ अ लागतं: पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हापासून हे कलम शहराला पाठ आहे.

चलन चुकीचं आलं असेल तर संकेतस्थळावरचा फोटो बघा आणि तिथेच तक्रार नोंदवा. व्हॉट्सअॅपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नका. खरं चलन कधीही अॅपची फाइल बनून येत नाही. ती फाइल फोनमधले ओटीपी वाचण्यासाठी असते.

जागांबद्दल थोडं. मुंबई-बेंगळुरू बाह्यवळणावर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तिथे मालट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात आणि खाली ब्रेक लागत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच धडकेत कितीतरी गाड्या सापडल्या होत्या. दुचाकीवर असाल तर सेवा रस्ता धरा, पाच मिनिटं जास्त लागू द्या. मुंबईला जाताना द्रुतगती मार्गावर दुचाकी चालत नाही, जुन्या महामार्गाने खंडाळ्यावरून जायचं. मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडलेला नसेल तर तो बेधडक एक्स्प्रेसवेवर नेतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, त्या दिवशी पुढचा ब्रेक एकटा दाबू नका. आणि उलट दिशेने येणारी दुचाकी इथे अपवाद नाही. एकेरी रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघा.

खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने अपघात झाला तर तो नशिबाचा भाग समजू नका. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिला. खड्ड्याचा, आजूबाजूच्या पाटीसह, त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो बुजवलेला असतो.

पायरी ८: अपघात झाला तर

आधी माणूस. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, महामार्गावर १०३३. तुम्ही नुसते वाटसरू असाल आणि जखमीला दवाखान्यात नेलंत तर कलम १३४ अ तुमचं संरक्षण करतं. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही. "पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार" म्हणून लोक अजूनही गाडी बाजूने काढतात, म्हणून हे ठळकपणे सांगायचं.

गाडी तुमची असेल तर पळू नका. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे कायद्याने चालकाचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर थेट जवळच्या पोलीस चौकीत जा.

मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रतिव्यक्ती दीड लाखापर्यंत, नेमलेल्या रुग्णालयात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा, बिल झाल्यावर नव्हे. धडक देणारी गाडी सापडलीच नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार भरपाईचा अर्ज तहसील-प्रांत कार्यालयातून होतो.

भरपाईचा मोठा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो. तो अपघाताच्या ठिकाणी लावता येतो, तसाच तुम्ही जिथे राहता तिथेही. सुट्टीला गावी जाताना नगरजवळ अपघात झाला तरी तारखांना नगरला खेपा घालायची गरज नाही; पुण्यात दावा लावा, पुण्यात राहत असल्याचा पुरावा म्हणून तो नोंदणीकृत करार जोडा. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मर्यादा आली आहे, त्यामुळे पोलिसांचे कागद, विम्याची प्रत, दवाखान्याची बिलं पहिल्या महिन्यातच गोळा करा. "आपसात मिटवू" म्हणत समोरच्याने पाच हजार पुढे केले तर हाड मोडलेलं नाही ना, हे एक्स-रेला ठरवू द्या.

पायरी ९: घर सोडताना

नोटीस ईमेलने द्या, म्हणजे तारीख राहते. शेवटच्या दिवशी मालकाला किंवा त्याच्या माणसाला घरात बोलवा, करारातली यादी हातात धरून एकेक वस्तू दाखवा, रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. वीज आणि गॅसचं शेवटचं रीडिंग घेऊन तिथेच बिल भरा. किल्ली आणि अनामत यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत झाली तर उत्तम. "आठवड्यात टाकतो" म्हणाला तर तारीख आणि रक्कम मेसेजवर लिहून घ्या. तारीख उलटली तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. ती पोचल्यावर बरेच मालक पैसे टाकतात, कारण दिवाणी दाव्यातला वेळ त्यांनाही नको असतो. नोटिशीत दस्त क्रमांक आणि अनामत दिल्याचा बँक व्यवहार, दोन्ही नमूद करा.

पुण्यातच दुसरीकडे जात असाल तर आरसीवरच्या पत्त्याचे ३० दिवस नव्याने सुरू होतात. राज्याबाहेर चालला असाल तर आरटीओच्या ना हरकतीचा अर्ज सामान बांधण्याआधी करा आणि थकलेली चलनं त्याआधीच भरून मोकळे व्हा.